पुढच्या पिढीचे कन्सोल: किती वॅट, किती गरम, किती आवाज?

बिनआवाजी (धागाकर्ता)

नव्या कन्सोलचा लीक आला रे आला की लोक टेराफ्लॉप (सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात त्याचं माप) मोजायला बसतात आणि मग पानंच्या पानं नुसतं सोनी विरुद्ध मायक्रोसॉफ्ट. या धाग्यावर ते नको प्लीज. मला एवढंच बोलायचंय की पुढचा कन्सोल प्लगमधून किती वीज ओढेल आणि ती सगळी उष्णता बाहेर कशी काढेल, कारण डब्याचा आकार, पंख्याचा आवाज, किंमत आणि शेवटी ते लाडके टेराफ्लॉपसुद्धा यावरूनच ठरतात.

मागचा हिशोब आधी मांडतो. २००५ चा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आणि २००६ चा सोनीचा पीएस३ (प्लेस्टेशन ३), दोघेही गेम चालू असताना १७० ते २०० वॅटच्या घरात जायचे. २०१३ ची जोडी (पीएस४ आणि एक्सबॉक्स वन) त्याच्या बरीच खाली आली. २०२० ला पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स पुन्हा २०० च्या आसपास. २०२४ चा पीएस५ प्रो २३० च्या आसपास. म्हणजे जवळपास वीस वर्षं आकडा त्याच गल्लीत घोटाळतोय. तेवढ्या काळात पीसीवाले कुठे गेले बघा, आरटीएक्स ३०९० या ग्राफिक्स कार्डाला ३५० वॅट, ४०९० ला ४५०, ५०९० ला ५७५, आणि हे नुसत्या कार्डाचे, बाकीचा पीसी वेगळा.

माझं म्हणणं असं की पुढची पिढीसुद्धा २०० च्या आसपासच बसणार, फार ताणलं तर २५०. त्याच्या वर कोणी जाणार नाही. पटत नसेल तर जरूर भांडा, फक्त "टेक्नॉलॉजी सुधारलीये आता" एवढ्यावर सोडू नका, कुठली सुधारली ते सांगा.

टर्बो_तात्या

पहिला प्रतिसाद माझा आणि विरोधात. पीएस५ च्या पॉवर सप्लायवर ३५० वॅट लिहिलंय, प्रोवर ३९०, सिरीज एक्सवर ३१५. तुम्ही २०० कुठून आणलेत? कंपनीने काय उगाच एवढा मोठा सप्लाय दिला का? आणि दुसरं, मोठा डबा झाला तर बिघडलं काय, टीव्ही ६५ इंची चालतो आणि कन्सोल मात्र पुस्तकाएवढा पाहिजे हे काय लॉजिक आहे. मला ४०० वॅटचा कन्सोल द्या, मी ठेवीन जागा करून.

ओममापक

तात्या, लिफ्टमध्ये ८ माणसं लिहिलेली असतात म्हणून काय रोज ८ जणं कोंबून जातात का? सप्लायवरचा आकडा हा त्याची कमाल क्षमता असते. तो मोठा ठेवायची कारणं रग्गड आहेत. चिप मिलिसेकंदापुरती अचानक उसळी मारते ती झेलावी लागते, यूएसबीला काय काय लावलेलं असतं, डिस्क फिरायला लागते, वरून एसएसडी टाकलेली असते, कपॅसिटर काही वर्षांनी थकतात. आणि पूर्ण लोडवर सतत चालवलं तर सप्लाय स्वतःच तापतो आणि त्याची कार्यक्षमताही उतरते, मधल्या टप्प्यात तो सगळ्यात खुश असतो.

मी स्वतः प्लगला वॅटमीटर लावून बघितलंय, पहिल्या मॉडेलच्या पीएस५ ला होम स्क्रीनवर ५० च्या आसपास, व्हिडिओ बघताना त्याच्या जरा वर आणि भारी गेममध्ये २०० च्या आगेमागे. २२० च्या वर गेलेला फारसा बघितला नाही. मीटर स्वस्तात मिळतं, ज्याला शंका असेल त्याने लावून बघावं, वाद तिथेच मिटतो.

रिकामटेकडा

वाखू (वाचनखूण) साठवली. तात्यांना ४०० वॅटचा हीटर कोणीतरी द्या रे.

बिनआवाजी

ओममापक +१. तात्या तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला खरंच चघळायचाय, की मोठा डबा केला तर बिघडलं काय. त्यासाठी हवेचा हिशोब बघा, अवघड नाहीये. कन्सोलमधली सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, २०० वॅट आत तर २०० वॅट बाहेर. ती नेणार कोण तर हवा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत १५ अंशांचा फरक धरला तर २०० वॅटसाठी सेकंदाला साधारण ११ लिटर हवा डब्यातून जायला लागते. ३५० वॅट केले की तीच साडेएकोणीस लिटर. तोच पंखा असेल तर तो पावणेदोन पट वेगात फिरवावा लागणार, आणि पंख्याचा आवाज वेगाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, नेहमीचं सूत्र लावलं तर साधारण १२ डेसिबल वाढ होते. १० डेसिबल वाढले की कानाला दुप्पट वाटतं. पंखा स्वतः जी वीज खातो ती तर वेगाच्या घनात वाढते, पाचपटीच्याही वर.

आता तुम्ही म्हणाल पंखा मोठा लावा. लावलाच आहे की. पीएस५ मधला पंखा १२० मिमी व्यासाचा आणि ४५ मिमी जाड आहे, दोन्ही बाजूंनी हवा ओढतो. सिरीज एक्सचा १३० मिमीचा. पीएस४ प्रोच्या पंख्याच्या तुलनेत हे राक्षस आहेत आणि म्हणूनच या पिढीत आवाजाची बोंब जवळपास नाही. पण तो आवाज घालवायची किंमत म्हणजे ३९ सेंमी उंच डबा, ज्याला लोकांनी पहिल्या दिवसापासून नावं ठेवली. अजून दीडपट वीज पाहिजे तर अजून मोठा डबा आणि अजून तांबं-ॲल्युमिनियम, आणि तो कोटींच्या संख्येने बनवून जहाजात भरून पाठवायचाय हे विसरू नका. कंटेनरमध्ये डबे कमी मावले की प्रत्येक डब्यामागे खर्च चढतो. हौशी माणूस जागा करेल हो, पण कंपनी हौशी माणसासाठी डिझाइन करत नाही.

वाफाळ

छान धागा. थोडी भर घालतो कारण "लिक्विड मेटल लावलं की झालं" असं वाटणारे बरेच आहेत.

हवा हा शेवटचा टप्पा. त्याआधी उष्णता चिपमधून हीटसिंकपर्यंत (धातूच्या पात्यांचा ठोकळा) पोचायला पाहिजे आणि पुढच्या पिढीत खरी गोची तिथेच होणार आहे. पीएस५ ची पहिली चिप ३०० चौरस मिमीच्या थोडी वर होती, ७ नॅनोमीटरची (आकडा जेवढा लहान तेवढे चिपवरचे ट्रान्झिस्टर बारीक). २०२२ ला ६ नॅनोमीटरची आली ती २६० च्या आसपास. वीज थोडी कमी झाली पण जागाही आकसली. दरवेळी प्रोसेस बारीक झाली की जागा जेवढी घटते तेवढी वीज घटत नाही, म्हणून दर चौरस मिमीला उष्णता वाढत जाते. एकूण वॅट तेवढेच ठेवले तरी चिपच्या एखाद्या कोपऱ्यात हॉटस्पॉट तयार होतो आणि त्या कोपऱ्याचं तापमानच सगळ्यांना नाचवतं.

लिक्विड मेटल, म्हणजे गॅलियमचं मिश्रण, हे चिप आणि हीटसिंकमधला अडथळा कमी करतं. सोनीने कन्सोल उघडून दाखवण्याच्या (टिअरडाऊन) व्हिडिओत सांगितलं होतं की याच्या तयारीलाच त्यांना दोन वर्षांहून जास्त लागली. का लागली हे जरा विचार केला की कळतं, गॅलियम ॲल्युमिनियमला खातं, ते विजेचं वाहक आहे म्हणजे बोर्डावर सांडलं की संपलं, आणि ते पातळ आहे, कन्सोल उभा ठेवा नाहीतर आडवा, जागचं हलता कामा नये. म्हणून भोवती सील लावावं लागतं. प्रोमध्ये तर लिक्विड मेटल असतं त्या भागात बारीक खाचा पाडल्यात, ते पसरू नये म्हणून. मायक्रोसॉफ्टने दुसरी वाट धरली, सिरीज एक्समध्ये चिपवर व्हेपर चेंबर (आत थोडं पाणी असलेली बंद, चपटी धातूची पेटी), बोर्डाचे दोन तुकडे करून मधल्या धातूच्या सांगाड्याच्या दोन बाजूंना लावले आणि खालून वर हवा. दोन्ही उपाय चालले. पण दोघांचीही कमाल मर्यादा शेवटी पंखाच ठरवतो.

मी_नुसता_वाचक

एक बाळबोध प्रश्न. २०२१ ला पीएस५ चा हीटसिंक लहान केला तेव्हा मागून जास्त गरम हवा येते म्हणून बोंबाबोंब झालेली. मग तो खरंच जास्त तापत होता का?

ओममापक

मागच्या हवेवरून काहीच कळत नाही. वीज तेवढीच आणि हवेचा ओघ तेवढाच तर बाहेरच्या हवेचं तापमान तेवढंच राहणार, हीटसिंक लहान असो की मोठा. हवा जास्त गरम आली म्हणजे एकतर वीज जास्त खर्च होतेय नाहीतर हवा कमी जातेय. हीटसिंक चांगला की वाईट हे चिपच्या आणि मेमरीच्या तापमानावरून ठरतं, त्यासाठी आत सेन्सर चिकटवायला लागतो. कॅमेरा मागे धरून रंगीत चित्र काढलं की व्ह्यूज मिळतात फक्त.

वजनाची गंमत बघा पण. पहिला पीएस५ साडेचार किलो, २०२२ चं मॉडेल ३.९, आणि प्रो जो सगळ्यात ताकदवान तो ३.१ किलो. डिस्क ड्राइव्ह काढला हे मान्य, पण नुसत्या त्याने एवढा फरक पडत नाही. पहिल्या वेळी त्यांनी हात सैल सोडून धातू वापरला, नंतर कळत गेलं की कुठला कमी केला तर चालतो.

सोल्डरसम्राट

रिपेरिंग करतो, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. कागदावरचं कूलिंग आणि तीन वर्षं वापरलेल्या कन्सोलचं कूलिंग यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

माझ्याकडे येणारे जुने कन्सोल उघडले की बहुतेक वेळा पंखा बरा असतो, हीटसिंकची आतली कड बघायची. पात्यांमधून हवा जिथे आत शिरते तिथे धूळ नमद्यासारखी दाबून बसलेली असते, बोटाने उचलली की अख्खी पट्टी एकसंध निघते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत असते, गिऱ्हाईक म्हणतं मी दर आठवड्याला पुसतो. पुसतो खरा, पण आतलं काय. ती पट्टी काढून पेस्ट बदलली की तोच कन्सोल गप्प होतो. पीएस५ मध्ये धूळ गोळा व्हायला वेगळे कोनाडे दिलेत, बाहेरच्या प्लेट काढल्या की व्हॅक्युम लावता येतो, हे मला फार आवडलेलं डिझाइन आहे. पुढच्या कन्सोलमध्ये वॅट किती हा प्रश्न विचारताना स्क्रूड्रायव्हर न लावता पंख्यापर्यंत पोचता येतं का हेही विचारा.

दुसरं म्हणजे नुसतं जास्त तापमान मारत नाही, तापणं आणि थंड होणं, परत तापणं, हे मारतं. ३६० ची लाल रिंग (बंद पडला की पुढे लागणारे लाल दिवे) आठवते का? तिथे ग्राफिक्स चिपच्या पॅकेजच्या आतली बारीक जोडणी तापून-गार होऊन तडकायची. लोक टॉवेल गुंडाळून तापवायचे, हीट गन मारायचे, चार दिवस चालायचा आणि परत मेला. २००७ च्या जुलैत वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढायला लागली. तो धडा सगळ्या इंडस्ट्रीने घेतलाय. तात्यांच्या ४०० वॅटला कोणी हो म्हणणार नाही त्यामागे हे पण एक कारण आहे.

टर्बो_तात्या

लाल रिंगला वीस वर्षं झाली हो. आता पीसीत ४५० वॅटचं कार्ड लोक वर्षानुवर्षं वापरतायत, ते काय दर महिन्याला तडकतं का? मग कन्सोलमध्येच का नाही. आणि हवा नको तर पाणी घाला. छोटा पंप, छोटा रेडिएटर, प्रश्न मिटला.

वाफाळ

पाणी उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतं फक्त, रेडिएटरमधून ती काढायला हवाच लागते, वरचा लिटरचा हिशोब तसाच्या तसा राहतो. वर पंप हा अजून एक हलणारा भाग, वर्षानुवर्षं चालायला पाहिजे, आवाज करायला नको, नळीतून पाण्याची वाफ हळूहळू उडते ती वेगळीच. आणि कन्सोल उभा-आडवा कसाही ठेवला तरी पंपात हवेचा बुडबुडा अडकायला नको. व्हेपर चेंबरही आत पाणीच फिरवतो, फक्त पंपाशिवाय.

पीसीचं कार्ड म्हणाल तर ते तीन-साडेतीन स्लॉट जाड असतं, भोवती कॅबिनेट आणि त्याचे वेगळे पंखे असतात. त्या कार्डाचा नुसता कूलर काही वेळा कन्सोलच्या निम्म्या आकाराचा असतो.

निशाचर_८८

कूलिंगपेक्षा पीएस५ मधली सगळ्यात हुशार गोष्ट वेगळी आहे आणि इथे अजून कोणी काढलीच नाही. २०२० च्या मार्चमधलं मार्क सर्नीचं (पीएस५ चा मुख्य आर्किटेक्ट) भाषण आठवा. जुनी पद्धत अशी होती की चिपचा क्लॉक (वेग) कायम आणि वीज गेमप्रमाणे वरखाली, त्यामुळे डिझाइन करताना आधी अंदाज बांधायला लागायचा की सर्वात वाईट गेम किती वीज खाईल. अंदाज चुकला की पंखा बोंबलणार. पीएस५ मध्ये उलटं केलं, विजेचं बजेट कायम आणि क्लॉक वरखाली. जीपीयू (चिपमधला चित्र काढणारा भाग) कमाल २.२३ गिगाहर्ट्झ, काम फार झालं की थोडा खाली येतो. आणि हे चिपच्या तापमानावर चालत नाही, चिप आत काय काम करतेय ते मोजून ठरतं, म्हणून थंड खोलीत आणि गरम खोलीत गेम सारखाच चालतो. सर्नीने हेही सांगितलं होतं की वीज १० टक्के कमी करायला क्लॉक दोनेक टक्केच उतरवावा लागतो.

त्याच भाषणात एक मस्त गोष्ट होती. होरायझन झीरो डॉन या गेमच्या नकाशाच्या स्क्रीनवर त्याचा पीएस४ प्रो सगळ्यात जास्त तापायचा. आपल्याला वाटतं मारामारी चालू असताना तापेल, पण नकाशात (चित्र ज्यांनी बनतं ते) त्रिकोण कमी, भूमिती साधी, त्यामुळे जीपीयूला कुठे थांबायलाच लागत नाही आणि सगळी युनिटं एकदम भरून चालतात. पुढच्या पिढीत माझ्या मते बजेट पक्कं ठेवायची हीच पद्धत दोघेही वापरतील. एकदा बजेट पक्कं झालं की हीटसिंक नेमका तेवढाच बनवता येतो, भीतीपोटी जास्तीचा धातू घालावा लागत नाही.

बिनआवाजी

निशाचर, हेच मला धाग्यात लिहायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

कळफलक

जरा कडू बोलतो. "२०० वॅटच राहणार" हे बरोबर आहे पण त्याचा अर्थ काय होतो तोही पचवा.

पूर्वी ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही उतरायचं आणि फुकटात वीज वाचायची. ते २००५-०६ च्या सुमारास संपलं. तरी पीएस४ ते पीएस५ मध्ये २८ वरून ७ नॅनोमीटरवर आलो, मध्ये फिनफेट (नव्या रचनेचे ट्रान्झिस्टर) आले, १.८४ टेराफ्लॉपचे १०.२८ झाले, साडेपाच पट. आता चिप बनवणाऱ्या टीएसएमसीचेच आकडे घ्या, ७ वरून ५ ला तेवढ्याच वेगात वीज ३० टक्के कमी, ५ वरून ३ ला साधारण एकतृतीयांश कमी. गुणाकार करा, तेच काम निम्म्याहून थोड्या कमी विजेत. म्हणजे वॅट तेवढेच ठेवले तर नुसत्या प्रोसेसमधून सव्वादोन पटीच्या आत काहीतरी मिळतं, आणि हे जाहिरातीतले आकडे. बाकी सगळं डिझाइनच्या करामतीतून यायला पाहिजे.

वर एसरॅम (चिपच्या आतली वेगवान मेमरी, कॅश हिचीच बनते) आकसायचं थांबलंय. ५ वरून ३ नॅनोमीटरच्या नेहमीच्या प्रोसेसला एसरॅमचा सेल आहे तेवढाच राहिला. म्हणजे कॅश मोठी केली की ती महागच पडणार. आणि कॅश तर पाहिजेच, कारण हल्ली गणित करायला लागते त्याहून जास्त वीज आकडे मेमरीतून चिपपर्यंत आणायला लागते. ग्राफिक्सच्या मेमरीत नवं जीडीडीआर७ १.२ व्होल्टवर चालतं, आधीचं जीडीडीआर६ १.३५ वर, दर बिटामागे थोडं वाचेल, पण बँडविड्थ वाढवली की ती बचत गेली तिथेच. त्यामुळे पाचपट उडी वगैरे विसरा.

टर्बो_तात्या

मग नवीन कन्सोल घ्यायचाच कशाला? दुप्पट ताकदीसाठी?

कळफलक

रास्त प्रश्न. उत्तर असं की ताकद मोजायची पट्टी बदलतेय. ४के चं चित्र पूर्ण काढण्यापेक्षा १०८०पी काढून मशीन लर्निंगने मोठं केलं तर चौथ्या हिश्शाचे पिक्सेल काढायला लागतात. मोठं करायलाही वीज लागते पण बरीच कमी. प्रोमधलं पीएसएसआर (सोनीचं चित्र मोठं करायचं तंत्र) त्याच वाटेवर आहे. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्नी आणि चिप डिझाइन करणाऱ्या एएमडीचे जॅक ह्युन यांनी प्रोजेक्ट ॲमेथिस्टचा (सोनी-एएमडीचा एकत्र प्रकल्प) व्हिडिओ टाकला तो नीट बघा, तीनच गोष्टी सांगितल्या. न्यूरल ॲरे, म्हणजे कॉम्प्युट युनिटं एकमेकांशी जोडून मशीन लर्निंगचं काम एका गटाने करणार. रेडियन्स कोर, रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणं) वेगळं हार्डवेअर. आणि युनिव्हर्सल कॉम्प्रेशन, म्हणजे टेक्स्चरच नाही तर जीपीयूत येणारा-जाणारा सगळाच डेटा दाबून पाठवणार. तिन्हीत टेराफ्लॉप शोधूनही सापडत नाही. हे सगळं तेव्हा सिम्युलेशनमध्येच होतं असं ते स्वतःच म्हणाले. पण दिशा बघा, तिसरी गोष्ट तर सरळसरळ वीज वाचवायची आहे, डेटा कमी हलवा. आणि रे ट्रेसिंग साध्या शेडरवर (जीपीयूतली सर्वसाधारण गणिताची युनिटं) केलं तर जेवढी वीज जाते त्याहून खास सर्किटवर कमी जाते.

माझी किरकिर एवढीच की १०८०पी वरून वाढवलेलं चित्र झाडाच्या पानांत आणि जाळीत अजून लटपटतं, प्रोवर काही गेममध्ये स्पष्ट दिसतं. तिथे सुधारणा झाली नाही तर वॅट वाचवून काय उपयोग.

खिशातला_गेम

तुम्ही सगळे डब्यावर अडकलाय. मला वाटतं खरी शिस्त हातातल्या कन्सोलने शिकवलीये.

निन्टेंडोच्या स्विच २ ची बॅटरी ५२२० एमएएच, म्हणजे २० वॅटतासांच्या आसपास. भारी गेममध्ये दोन तास चालते म्हणतात, म्हणजे स्क्रीन, वायफाय, स्पीकर, सगळं धरून १० वॅट. दहा! त्यात डीएलएसएस (मशीन लर्निंगने चित्र मोठं करायचं तंत्र), रे ट्रेसिंग सगळं आहे. हातात असताना जीपीयू ५६१ मेगाहर्ट्झवर, डॉकमध्ये (टीव्हीला जोडायचा स्टँड) ठेवला की १००७ वर, आणि त्यासाठी यावेळी डॉकमध्येच पंखा दिलाय. मला ही कल्पना फार पुढची वाटते, जास्तीचं कूलिंग सोबत वागवायचंच नाही, जिथे लागतं तिथे ठेवायचं. स्टीम डेक या दुसऱ्या हातातल्या कन्सोलची चिप ४ ते १५ वॅटमध्ये चालते. ओएलईडी मॉडेलला ६ नॅनोमीटरची चिप आणि मोठा पंखा दिला, आवाज लगेच उतरला.

डेव्हलपरला एकदा १० वॅटमध्ये गेम चालवायची सवय लागली की २०० वॅटमध्ये तो काय करेल याचा विचार करा.

निशाचर_८८

किंवा १० वॅटवाल्यासाठी बनवलेलाच गेम २०० वॅटवर नुसता चकाचक करून देईल. सिरीज एसच्या (सिरीज एक्सचा स्वस्त, कमी ताकदीचा भाऊ) वेळी हीच भीती होती आणि काही स्टुडिओंनी बोलूनही दाखवली. हातातलं आणि घरातलं एकाच पिढीत आणायचं असेल तर मेमरी कमी ठेवू नका एवढंच म्हणेन, क्लॉक कमी असला तर रिझोल्यूशन उतरवता येतं, मेमरी कमी पडली तर काही करता येत नाही.

शेवंती

सगळ्यांनी गेम चालू असतानाचेच वॅट मोजलेत. बंद असताना काय? युरोपात कन्सोल कंपन्यांचा एक स्वेच्छा करार आहे, त्यात मेन्यूत असताना आणि व्हिडिओ बघताना किती वीज चालेल त्याला मर्यादा आहेत, गेम खेळतानाच्या विजेला मात्र नाही. म्हणजे "युरोपच्या नियमांमुळे २०० वॅट" असं जे लोक म्हणतात ते बरोबर नाही. नियमांचा खरा परिणाम स्टँडबायवर झालाय. एक्सबॉक्स सिरीजला जुन्या झोपेच्या मोडमध्ये १० ते १५ वॅट लागायचे, शटडाऊन मोडमध्ये अर्धा वॅट. दिवसाचे दोन तास खेळणाऱ्या माणसाचा कन्सोल बावीस तास झोपलेला असतो, १५ वॅटने ३३० वॅटतास होतात, म्हणजे २०० वॅटने दीड तासाहून जास्त खेळण्याएवढी वीज नुसती झोपेत. हे सेटिंग बघितलंय का कोणी आपापलं?

रिकामटेकडा

आत्ता बघितलं. झोपेच्या मोडवर होता. बदलला. या धाग्याने माझे तरी पैसे वाचवले.

सोल्डरसम्राट

शेवंतीताई, मस्त मुद्दा. अजून एक, झोपेतून थेट चालू-बंद होण्याने चिप सतत थोडी कोमट राहते, त्यामुळे तापणं-गारठणं कमी होतं असं काही जणं सांगतात. १५ वॅटने चिप काही म्हणण्यासारखी तापत नाही, त्या भरवशावर राहू नका.

टर्बो_तात्या

बरं ठीक, ४०० सोडतो. पण २५० वर मी अडून बसणार. कारण प्रो २३० ला आलाच आहे, आणि तो ३.१ किलोत, फार आवाज न करता. म्हणजे २३० चं कूलिंग त्यांना स्वस्तात जमलंय. मग पहिल्या पीएस५ एवढा डबा परत केला तर २८०-३०० का नाही? तुमच्याच वजनाच्या हिशोबाने सांगतोय.

बिनआवाजी

हा तुमचा पहिला मुद्दा ज्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही, खरंच. तांत्रिकदृष्ट्या होईल. पण प्रो हा ज्याला हवा त्याने घ्यायचा जास्तीचा कन्सोल आहे, पिढीचा मुख्य कन्सोल सगळ्यांना परवडायला पाहिजे. आणि क्लॉक वर नेऊन ३०० केले तर व्होल्टेज चढतं, वीज जवळपास घनात वाढते, म्हणजे २०० वरून ३०० केलेत तरी वेग १५ टक्क्यांच्या आसपासच वाढणार. त्या पैशात मोठी चिप घेऊन ती सावकाश चालवलेली बरी, आणि मोठी चिप महाग. फिरून आपण किमतीवरच येतो.

एक्सबॉक्स वन एक्सच्या वेळी मायक्रोसॉफ्टने प्रत्येक बोर्डाचं व्होल्टेज त्या त्या चिपप्रमाणे जुळवलं होतं, होव्हिस मेथड म्हणायचे. सगळ्यात वाईट चिपला जेवढं लागतं तेवढं सगळ्यांना द्यायचं नाही. अशा युक्त्यांनी १०-२० वॅट वाचवून ते जीपीयूला दिले तर मला तुमच्या २५० पेक्षा जास्त आवडेल.

मी_नुसता_वाचक

शेवटचा बाळबोध प्रश्न. माझा कन्सोल टीव्हीखालच्या कपाटात आहे, पुढून काच, मागे वायरीसाठी भोक. उन्हाळ्यात पंखा वाढतो. पुढचा कन्सोल कमी वॅटचा आला तर हे थांबेल का?

ओममापक

नाही थांबणार. कपाटात तो स्वतःचीच बाहेर टाकलेली हवा परत ओढतोय. या कन्सोलना आजूबाजूची हवा ५ ते ३५ अंश धरून बनवलेलं असतं, बंद कपाटात गेम चालू केला की थोड्या वेळात आतली हवा ३५ च्या वर जाते, बाहेर खोली कितीही गार असो. १०० वॅटचा ठेवलात तरी हेच, फक्त जरा उशिरा. काच उघडी ठेवा, नाहीतर मागची फळी काढा, आणि साधा थर्मामीटर कन्सोलच्या हवा आत ओढणाऱ्या बाजूला ठेवून अर्धा तास खेळून बघा. आकडा इथे टाका.

मी_नुसता_वाचक

काच बंद ठेवून ४१. उघडी ठेवून २९. फळी काढतोय.